जनजीवन कोणाचे विस्कळीत होते?

वादळ आले की मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर एक मथळा हमखास झळकतो : 'जनजीवन विस्कळीत'. मथळ्याचा खिळा जुळवलेलाच असतो; फक्त वादळाचे नाव आणि तारीख बदलावी लागते. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ मुंबईला घासून सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे सरकले, तेव्हाही हेच शब्द वाचकांपुढे आले. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली, विमानतळ सकाळी अकरापासून रात्री उशिरापर्यंत बंद राहिला, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरील वाहतूक थांबली, कोरोना लसीकरणाची केंद्रे बंद ठेवावी लागली. हा सारा तपशील खरा होता. परंतु 'जन' म्हणजे कोण आणि त्याचे कोणते 'जीवन' विस्कळीत झाले, हा प्रश्न त्या मथळ्याने विचारला नाही. तो विचारला जाऊ नये हीच त्या मथळ्याची सोय आहे.

ज्याचे विमान चुकले तो आणि ज्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली तो, या दोघांना हा शब्द एकाच चादरीखाली झाकतो. वस्तुतः पहिल्याचा बेत पुढे ढकलला गेला आणि दुसऱ्याचा हिशेब मोडला. ढकललेला बेत आठवड्याने पुन्हा मांडता येतो. मोडलेला हिशेब मात्र सावकाराच्या वहीत चढतो आणि तेथे व्याजासह वाढत राहतो. वादळाविषयी या देशात जे काही लिहिले व बोलले जाते, त्यातील बहुतेक भाग या फरकावर पांघरूण घालण्यासाठीच खर्ची पडतो.

बेत आणि हिशेब

पगारदार, सुस्थित माणसाच्या दिनक्रमात थोडी ढिलाई राखून ठेवलेली असते. त्याच्यापाशी हक्काची रजा असते, बँकेत शिल्लक असते, मोटारीचा विमा असतो, घराला स्लॅब असतो. वादळाने त्याची गैरसोय होते. ती खोटी नाही आणि तिची टिंगल करण्याचे कारणही नाही. परंतु वादळाचा दिवस त्याच्या पगारातून कापला जात नाही. वादळाचा खर्च त्याने सोसायचा की इतरांनी, याचा निर्णय त्याच्या नेमणूकपत्रावर आधीच झालेला असतो.

नाक्यावर उभा राहणारा बांधकाम मजूर याच्या नेमका उलट टोकाला आहे. त्याच्या दिवसात ढिलाई नावाची चीज नाही. सकाळच्या मजुरीवर संध्याकाळचे रेशन, आठवड्याच्या मजुरीवर खोलीचे भाडे, महिन्याच्या मजुरीवर गावी पाठवायची रक्कम, अशी ती एकात एक अडकवलेली साखळी आहे. तिचे एक कडे तुटले की पुढची सारी कडी निसटतात. शिवाय ज्या पावसाने त्याची मजुरी बुडवली, त्याच पावसाने त्याच्या छपराचा पत्राही उडवलेला असतो. म्हणजे ज्या दिवशी मिळकत शून्य, त्याच दिवशी नव्या पत्र्याचा खर्च. हे गणित ज्याला मांडता येते त्याला 'जनजीवन' हा शब्द किती फसवा आहे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तौक्तेची तारीखच पाहावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागू होते. म्हणजे १७ मे हा हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यातला दिवस. याच दिवसांत कोळीवाड्यांतील बायका बोंबील वाळवतात, सुकट साठवतात, आगोटीची बेगमी करतात. पुढचे दोन महिने होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असताना घर याच बेगमीवर चालायचे असते. वादळाने हे दिवस खाल्ले, तर त्या घराचे दोन-तीन दिवस बुडाले असे म्हणणे ही शुद्ध दिशाभूल होय. त्या घराचा अख्खा पावसाळा बुडतो. ज्या दलालाकडून हंगामाच्या आरंभी उचल घेतली, त्याची फेड पुढच्या हंगामावर जाते, आणि पुढच्या हंगामाची मासळी पाण्यात असतानाच विकली जाते.

त्या दिवशी शासनाने 'घरीच राहा' असे आवाहन केले होते. आवाहन योग्यच होते. परंतु मुंबईतील करोना केंद्रांतून ५८० रुग्णांना वादळापूर्वी इतर रुग्णालयांत हलवावे लागले, ते काय आपोआप हलले? वॉर्डबॉय, आया, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कामगार यांनी त्यांना हलवले, आणि यांतील अनेकजण कंत्राटी. 'घरीच राहा' हा आदेश कष्टकऱ्याला कधीच पूर्णांशाने लागू होत नसतो. इतरांना सुखरूप घरी बसता यावे म्हणून कोणाला तरी वादळात बाहेर पडावे लागते. आणि तो 'कोणी तरी' कोण हे वर्गव्यवस्थेने आधीच ठरवलेले असते.

समुद्रातील २६१ माणसे

तौक्तेच्या काळात हा प्रश्न सर्वांत भयंकर रूपात उभा राहिला तो मुंबईच्या समोर, खोल समुद्रात. 'पी-३०५' नावाची बार्ज, म्हणजे तेलक्षेत्रातील कामगारांच्या निवासासाठी वापरला जाणारा स्वतःचे इंजिन नसलेला तराफा, तेथे नांगरलेली होती. तिच्यावर २६१ माणसे होती : वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, अभियंते, देशाच्या अनेक राज्यांतून पोटासाठी आलेली. १७ मे रोजी नांगर तुटले, बार्ज भरकटली आणि संध्याकाळी बुडाली. नौदलाच्या 'कोची' व 'कोलकाता' या युद्धनौकांनी व इतर नौकांनी खवळलेल्या समुद्रात रात्रभर शोध घेऊन १८६ जणांना वाचवले. त्या नौसैनिकांच्या शौर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ही बार्ज आणि 'वरप्रदा' ही टग मिळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. काही देहांची ओळख जनुकीय चाचणी केल्यावाचून पटली नाही.

हे वादळ अचानक आले होते काय? मुळीच नाही. १४ मे रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले होते. १५ मे रोजी त्याला चक्रीवादळाचे नाव मिळाले होते. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका, गेलेल्यांनी परत या, असे इशारे दिले गेले होते. साध्या होडीवरचा तांडेल जो बावटा पाहून मागे फिरला, तो बावटा कंत्राटाच्या कागदाला दिसला नाही. पावसाळ्यापूर्वी काम उरकण्याची घाई ही किनाऱ्यापलीकडच्या बांधकामाची नेहमीचीच रीत आहे. जून उजाडला की समुद्र बंद. त्यामुळे मे महिन्याचा प्रत्येक दिवस कंत्राटदाराच्या दृष्टीने सोन्याचा.

दुर्घटनेनंतर जे घडले तेही ठरलेल्या वळणाचे होते. बार्जचा मालक एक, ती भाड्याने घेणारा कंत्राटदार दुसरा, आणि ज्या तेलक्षेत्राचे काम चालले होते ती सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी तिसरी. कंत्राटदार कंपनीने निवेदन केले की तेथे थांबण्याचा निर्णय बार्जच्या कप्तानाचा होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो कप्तान व इतर यांच्यावर. कप्तान स्वतः बुडून मरण पावला होता. केंद्र सरकारने उच्चस्तरीय समिती नेमली. पुढे सार्वजनिक कंपनीचे काही वरिष्ठ अधिकारी निलंबित झाले. कप्तान चुकला की नाही, कंपनी किती दोषी, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांची तड लागलीच पाहिजे. परंतु या सर्व गदारोळात एक प्रश्न कोणीच विचारला नाही : त्या २६१ जणांपैकी एखाद्या वेल्डरला १५ मे रोजी सकाळी असे वाटले असते की आता किनाऱ्यावर गेले पाहिजे, तर ते म्हणण्याचा अधिकार त्याला कोणत्या कायद्याने होता? आणि तो गेला असता, तर त्याचे काम व त्याची मजुरी शिल्लक राहिली असती काय?

भोपाळच्या हत्याकांडानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात एक कलम घालण्यात आले. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यातील कामगाराला जिवावरचा धोका जाणवल्यास त्याने तो मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणावा, असा हक्क त्याने दिला. बारकाईने वाचावे : नजरेस आणण्याचा हक्क, काम सोडून दूर होण्याचा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराचे १३ वे कलम याहून पुढे गेलेले आहे. निकटच्या व गंभीर धोक्यापासून सकारण दूर झालेल्या कामगारावर त्याबद्दल अनुचित परिणाम लादले जाऊ नयेत, असे ते म्हणते. या दोन कलमांमधील अंतर कागदावर चार ओळींचे आहे. समुद्रात ते जीव आणि मरण यांच्यातील अंतर ठरते.

तीन सबबी

या विषयाची चर्चा सुरू झाली की तीन सबबी पुढे केल्या जातात.

पहिली सबब अशी की वादळ गरीब-श्रीमंत पाहत नाही. वाऱ्यापुरते हे खरे आहे. परंतु वारा माणसावर आदळतो तो त्याच्या भिंतीमधून, छपरामधून, कामाच्या जागेमधून. या भिंती, ही छपरे आणि या जागा समाजाने वाटून दिलेल्या आहेत. वाटपातील विषमता वाऱ्याच्या नावावर खपवणे ही निव्वळ मखलाशी होय.

दुसरी सबब अशी की इशारा दिलेला असतो, लोकच ऐकत नाहीत. २०१७ च्या 'ओखी' वादळाने या सबबीचा पुरता निकाल लावला आहे. कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम जिल्ह्यांतील मच्छीमार दिवसेंदिवस खोल समुद्रात राहतात. ३० नोव्हेंबर रोजी चक्रीवादळाचा स्पष्ट इशारा हाती आला तो दुपारी, असे केरळ सरकारचे म्हणणे होते. तोवर शेकडो होड्या किनाऱ्यापासून फार दूर गेलेल्या होत्या. त्यांच्यापर्यंत तो इशारा पोचवणारे साधनच त्यांच्याजवळ नव्हते. शेकडो माणसे गेली किंवा बेपत्ता झाली. केरळ व तामिळनाडूच्या साठाहून अधिक होड्या आणि नऊशेंहून अधिक मच्छीमार वाऱ्याबरोबर वाहत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागले. त्यांना लोकांनी ऐकले नाही म्हणून दोष द्यायचा, की ज्यांनी त्यांच्या कानापर्यंत आवाज पोचवण्याची सोय केली नाही त्यांना?

आणि ज्याच्या कानावर इशारा पडतो तो तरी का ऐकत नाही? कारण इशाऱ्याबरोबर भाकरी येत नाही. 'उद्या बाहेर पडू नका' हे वाक्य 'उद्या उपाशी राहा' असे ऐकू येत असेल, तर दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा नाही.

तिसरी सबब सर्वांत प्रतिष्ठित आहे : अर्थव्यवस्था थांबवता येत नाही. मुंबईत तिला 'जिद्द' असे गोंडस नाव दिले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शेकडो माणसे मेली; त्यानंतर कंबरभर पाण्यातून चालत घरी गेलेल्या आणि पुन्हा कामावर निघालेल्या माणसांचे गोडवे गाण्यात आले. ती माणसे कामावर गेली कारण न गेल्यास खाडा लागला असता. खाड्याच्या भीतीला जिद्द म्हणणे ही मालकवर्गाची जुनी काव्यशक्ती आहे.

ओडिशाने काय सिद्ध केले

वादळापुढे माणूस हतबल आहे, असे म्हणणाऱ्यांनी ओडिशाचा इतिहास पाहावा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, इशारा देण्याची साखळी उभी राहिली. २०१३ च्या ऑक्टोबरात 'फायलिन' आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. ३ मे २०१९ रोजी 'फणी' पुरीला धडकले, तेव्हा सुमारे बारा लाख लोक हलवले गेले आणि मृत्यू साठ-पासष्टच्या आसपास राहिले. समुद्र तोच होता आणि वाराही जवळपास त्याच बळाचा होता. बदल झाला तो माणसांच्या व्यवस्थेत. म्हणजे १९९९ च्या त्या दहा हजारांतील बहुसंख्य मृत्यूंना 'नैसर्गिक' म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

क्यूबाचा अनुभव तर याहून जुना आहे. १९६३ च्या 'फ्लोरा' वादळात तेथे हजाराहून अधिक माणसे मेली. त्या धड्यावरून नागरी संरक्षणाची यंत्रणा उभारली गेली, आणि २००१ साली 'मिशेल' हे प्रचंड वादळ आले तेव्हा सुमारे सात लाख लोकांना हलवून मृत्यू पाचांवर रोखण्यात आले. तेथे माणसांबरोबर त्यांची जनावरे आणि घरातील मोलाच्या वस्तूही सुरक्षित जागी नेण्याची व्यवस्था असते. याचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. झोपडीतला माणूस हट्टाने झोपडी सोडत नाही असे म्हणतात. तो हट्टामुळे नव्हे, तर आपली शेळी, शिलाईचे यंत्र आणि पत्र्याच्या पेटीतील कागद यांच्या काळजीने अडून बसतो. त्या वस्तूंची हमी मिळाली की तो निघतो.

तथापि ओडिशाने सिद्ध केले ते अर्धेच. जीव वाचवणे ही पहिली पायरी होय. निवाऱ्यातून परतलेल्या माणसाला घराच्या जागी चिखल, मिठागर झालेले शेत आणि मोडलेली होडी दिसली, तर त्याचा जीव वाचला पण जगणे वाचले नाही. पुढच्या महिन्यात तो मुकादमाची उचल घेऊन सुरतेच्या यंत्रमागावर किंवा वीटभट्टीवर जातो. कोणत्याही मृत्युपत्रकात त्याची नोंद होत नाही.

वाडीचा हेक्टर

कोकणाने हे ३ जून २०२० रोजी भोगले. 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर उतरले. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. टाळेबंदीत मुंबईहून रोजगार गमावून गावी परतलेले लोक त्याच गावांत होते. शहराने हात सोडला, आणि ज्या वाडीच्या आधाराला आले ती वाडी वाऱ्याने नेली.

श्रीवर्धनी रोठा सुपारीचे झाड आज लावून उद्या फळ देत नाही. नारळाला आणि पोफळीला धरू लागायला पाच-सात वर्षे लागतात, भरात यायला त्याहून अधिक. म्हणून वाडी ही एका माणसाची मिळकत नसते. आजोबांनी लावायची, मुलाने शिंपायची, नातवाने उतरवायची, असा तो तीन पिढ्यांचा बेत असतो. वादळाने बुडवला तो हा बेत. आणि शासनाने मदत कोणत्या मापाने मोजली? हेक्टराने! बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये, असा वाढीव दर मोठ्या औदार्याने जाहीर झाला. ज्या मुलखात वाडी गुंठ्यांत असते, एका गुंठ्यात नारळ, पोफळी, जायफळ आणि मिरीचे वेल एकमेकांच्या सावलीत उभे असतात, तेथे हेक्टराचा हिशेब लावणे म्हणजे पायलीने अत्तर मोजणे होय. लोकांनी ओरड केली, तेव्हा कुठे झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला. दरम्यान पंचनामा व्हायचा म्हणून पडलेली झाडे उचलता येत नव्हती, आणि झाडे उचलल्यावाचून नवे रोप लावता येत नव्हते. वादळ एका दिवसात गेले. त्याचे कागद मात्र कित्येक महिने गावात मुक्कामाला होते.

सानुग्रह की हक्क

वादळग्रस्ताला सरकार जे देते त्याला सरकारी मराठीत 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. शब्द नीट ऐकावा. अनुग्रह देवाने करायचा असतो, गुरूने करायचा असतो. भक्ताने तो हात जोडून घ्यायचा असतो. २०१५ ते २०२० या काळासाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या निकषांत, उपजीविका गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबाला प्रौढ माणसामागे दिवसाला ६० रुपये आणि मुलामागे ४५ रुपये असा हा अनुग्रह होता. पुढे दर बदलले, पण शब्द बदलला नाही. आणि शब्द बदलत नाही तोवर रांग बदलत नाही, दाखला बदलत नाही, यादीत नाव घालण्यासाठी धरावे लागणारे पाय बदलत नाहीत.

निसर्गाने बुडवलेला दिवस हा कष्टकऱ्याचा हक्काचा दिवस मानता येतो, हे महाराष्ट्राने अर्ध्या शतकापूर्वी मान्य केलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो शेतमजूर खडी फोडायला रस्त्यावर उतरले. त्यांच्या रेट्यातून रोजगार हमी योजना रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम द्या, नाही तर बेकारभत्ता द्या, असे त्या कायद्याने शासनाला बांधले. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया मराठवाड्यातील खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत गेला. तेव्हा राज्य बुडाले नाही. उलट हाच विचार २००५ साली संसदेला देशभरासाठी स्वीकारावा लागला. पाऊस पडला नाही म्हणून बुडालेली मजुरी जर समाजाची जबाबदारी ठरते, तर पाऊस कोसळला म्हणून बुडालेली मजुरी कोणत्या न्यायाने मजुराची खासगी बाब ठरते?

कोणी म्हणेल, ज्याला ठरलेला मालक नाही अशा मजुराचे पैसे कोणी द्यायचे? याचेही उत्तर दिले गेलेले आहे. हमाल-माथाडींचा मालक रोज बदलतो. तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापून मालकांकडून लेव्ही घेतली आणि त्यांना रजा, निधी, उपदान यांचा आधार दिला. बांधकाम मजुरांसाठी १९९६ पासून उपकर आहे. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात हवेच्या प्रदूषणामुळे बांधकामे पुन्हा बंद ठेवण्याचा आदेश दिला. बंदीच्या काळात मजुरांना याच उपकराच्या निधीतून किमान वेतनाच्या दराने निर्वाह द्यावा, असेही न्यायालयाने राज्यांना फर्मावले. त्याच वर्षी, इशाऱ्यामुळे समुद्रात जाता न आलेल्या मच्छीमार कुटुंबांना केरळ सरकारने रोख मदत दिली. दुष्काळाची मजुरी मान्य, धुरक्याची मजुरी मान्य, एका राज्यात बावट्याची मजुरीही मान्य. मग वादळाच्या मजुरीला अडचण आहे ती तिजोरीची की इच्छेची?

चळवळीचेही देणे

येथे कामगार चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. वादळ आले की संघटना धावून जातात. धान्य, चादरी, ताडपत्र्या, औषधे गोळा होतात. तरुण कार्यकर्ते रात्रंदिवस राबतात. हे काम मोलाचे आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. परंतु ताडपत्री वाटून झाली, वर्गणीचा हिशेब छापून झाला, की विषय संपतो. पुढच्या मागणीपत्रकात महागाई भत्ता असतो, बोनस असतो. वादळाच्या दिवसाची मजुरी त्यात नसते. म्हणजे शासनाने ज्याला अनुग्रह म्हटले त्याला चळवळीनेही नकळत मदतकार्याच्या खात्यात टाकले. ही चूक कबूल करून ती दुरुस्त करण्याची वेळ आली आहे. अरबी समुद्र तापतो आहे, त्यात उठणाऱ्या तीव्र वादळांची संख्या गेल्या काही दशकांत वाढली आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. अपवाद म्हणून विसरावे इतके हे दिवस आता विरळ राहिलेले नाहीत.

मागण्या साध्या आहेत. हवामान खात्याने ज्या जिल्ह्यासाठी लाल इशारा दिला, त्या जिल्ह्यात त्या दिवशी बंद राहिलेल्या कामाची मजुरी रोजंदारी, कंत्राटी आणि नाका कामगारांना किमान वेतनाच्या दराने मिळाली पाहिजे. मालक ठरलेला असेल तेथे त्याने ती द्यावी. नसेल तेथे उपकर व लेव्हीच्या निधीतून ती द्यावी. वादळातही ज्यांना कामावर यावेच लागते त्यांना दुप्पट मजुरी, वाहन आणि विमा मिळाला पाहिजे. जिवाला धोका दिसताच काम सोडून दूर होण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला कायद्याने दिला पाहिजे. त्यासाठी त्याची मजुरी कापता येऊ नये. समुद्रातील बार्ज आणि तेलफलाटांवरून माणसे कधी हलवायची हा निर्णय कंत्राटाच्या मुदतीवर न सोडता सार्वजनिक यंत्रणेने ठरावीक वेळेत घेतला पाहिजे. खोल समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक होडीवर संपर्काचे साधन सरकारी खर्चाने बसले पाहिजे. बागायतीची भरपाई झाडागणिक, आणि झाड पुन्हा धरू लागेपर्यंतच्या वर्षांचा विचार करून ठरली पाहिजे. पंचनाम्याची यादी ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे.

यातील एकही मागणी वादळ थांबवू शकत नाही. तशी कोणाची अपेक्षाही नाही. वारा सुटेल, समुद्र खवळेल, झाडे पडतील, गाड्या थांबतील आणि माणसांचे बेत मोडतील. ते कष्टकऱ्याचेही मोडोत. मात्र पगारदाराचा बेत मोडतो तेव्हा तो संध्याकाळी घरी बसून पुढच्या आठवड्याचा बेत आखू शकतो, तसाच नाक्यावरच्या मजुराला, कोळणीला, वाडीवाल्याला आणि बार्जवरच्या वेल्डरलाही तो आखता आला पाहिजे. त्या दिवशी वृत्तपत्रांनी 'जनजीवन विस्कळीत' असा मथळा खुशाल छापावा. तो प्रथमच खरा असेल.